जीप पहिली-दुसरीच्या मुलांना

मी, गुलाम रसूल वल्द अब्दुल गनी, वय सहासष्ट, निवृत्त एस.टी. चालक, राहणार जळकोट, जिल्हा लातूर, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि हा कागद करायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. करू नका, असं मात्र मुलगा साद याने तीनदा सांगितलं.

१. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी बानो व साद यांच्यात शरीयतीप्रमाणे वाटली जाईल. त्यात माझी लुडबूड नाही. मागची मोरी तुंबते, ती सादने स्वतःहून दुरुस्त करावी. आईला चारदा सांगायला लावू नये.

२. जॅक आणि पाने सादला. त्याला त्यातला एकही धरता येत नाही, पण मोबाईलच्या दुकानात शोभेला टांगता येतील.

३. गावातल्या शाळेचे माजी मुख्याध्यापक हणमंतराव यांना माझ्याकडून काही नाही. पंचवीस वर्षं मी शाळांच्या सहलीच्या गाड्या चालवल्या. हे गुरुजी उदगीरच्या किल्ल्यात मुलांना रांगेत उभं करून सनावळ्या सांगत. दुसऱ्या दिवशी 'आमची सहल' हा निबंध स्वतःच फळ्यावर लिहीत आणि सगळा वर्ग तो उतरवून घेई. "लहान पोरांना काय कळतंय, नुसती ओकतेत," असं त्यांचं म्हणणं. ओकतात हे खरं आहे, गाडी मीच धुतली आहे. पण गाडीत चढता चढता तीच पोरं मला विचारत, "मामा, एवढी जड तोफ बुरुजावर नेली कशी?" गुरुजींना हे कधी कोणी विचारलं नाही. त्यांच्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती.

४. निवृत्तीनंतर घेतलेली माझी जीप गावातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीला. आमच्यात तिसऱ्या हिश्शापर्यंतच बाहेरच्याला देता येतं, आणि जीप त्यात बसते असं वकील म्हणाले. अट एकच. पहिली-दुसरीच्या मुलांना वर्षातून चारदा तरी बाहेर न्यावं. फार लांब नको. पोस्ट, कुणाची तरी विहीर, फार तर लातूरची डाळमिल. पुस्तकातली डाळ सहा वर्षांचं मूल विसरतं. भरडताना नाकात गेलेली विसरत नाही.

साद म्हणतो, जीप विकून टाका. त्याचा एक मुद्दा बरोबर आहे: शाळेच्या ठरावाप्रमाणे पहिली-दुसरीला सहलीला नेताच येत नाही. तो ठराव कसा झाला, ते पुढच्या कलमात लिहितो.

५. जानेवारी २००९. किल्लारीहून परतताना वाटेत चहाला थांबलो. पहिलीच्या वर्गाबरोबर धम्मप्रिया सोनकांबळे बाई होत्या. त्या एका ओकलेल्या मुलीचं तोंड धुवायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "गुलामभाई, तेवढी पोरं मोजून घ्या." मला गाडी लवकर डेपोत लावायची होती. बाई परत आल्या आणि विचारलं, "मोजली का?" मी म्हणालो, "हाव, पुरी हायेत." मी मोजली नव्हती.

दहा किलोमीटरवर मुलांनी ओरडा केला, शिवानी न्हाई. गाडी वळवली. तेवढा मी आयुष्यात कधी भ्यालो नाही. शिवानी चहाच्या हॉटेलाशेजारी पंक्चरवाल्याच्या घमेल्यासमोर उकिडवी बसली होती. मला बघून म्हणाली, "मामा, भोक डोळ्यानं दिसत न्हाई. पाण्यात बुडबुडे येतेत ना, तिथंच असतंय." त्या सहलीत सगळ्यात जास्त तीच शिकली, असं माझं मत आहे.

चौकशीत मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, पोरं मोजणं ड्रायव्हरचं काम नाही. नियमाने ते खरं होतं, म्हणून सगळ्यांनी मानलं. बाईंच्या नावावर 'निष्काळजीपणा' अशी नोंद झाली, त्यांची बदली लांब झाली, आणि हणमंतरावांना हवा होता तो ठराव मिळाला. बाईंनी माझं नाव घेतलं नाही. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. चूक माझी होती. सोळा वर्षं मला तिची लाज वाटते आहे. हे कलम माझ्या पश्चात शाळेत वाचून दाखवावं, बाईंवरचा ठपका पुसावा आणि ठराव रद्द करावा.

६. हे कलम याच बैठकीत जोडलं आहे. साक्षीदार म्हणून बाईंना बोलावलं होतं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही आपल्यासमोर झाली एवढं पुरे, असं वकील म्हणाले होते, आणि मी त्यावरच विसंबून होतो. बाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. पाचवं कलम त्यांनी दोनदा वाचलं. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"मी तुमच्याहून तीन वर्षांनी मोठी हाय, गुलामभाई. तुम्ही मेल्यावर हे ऐकायला मी कुठून येऊ?"

मी कागद परत त्यांच्यापुढे केला आणि सहीची जागा दाखवली.

"सोमवारी शाळेत पालकसभा हाय. तिथं उभं राहून सांगा. मग करते सही."

दोन सह्यांशिवाय वकील हा कागद पक्का धरत नाहीत. जीपही तोवर दारातच उभी राहील.

ठिकाण: जळकोट
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

लिहून ठेवणार: गुलाम रसूल (सही)

साक्षीदार पहिले: रविकिरण, शेजारी (सही, मजकूर वाचलेला नाही)

साक्षीदार दुसऱ्या: धम्मप्रिया सोनकांबळे, निवृत्त शिक्षिका (सही सोमवारी, सभेनंतर)