डाव्या हाताच्या सहीचा कागद परत मिळण्याबाबत

दिनांक : १२ ऑगस्ट

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
वाहन नोंदणी कार्यालय.

विषय : नामंजूर झालेले पहिले मुखत्यारपत्र मूळ प्रतीत परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची तीन त्रुटीपत्रे.

महोदय,

मी व्यवसायाने शिंपी आहे. शिवलेले कपडे गिऱ्हाइकांच्या घरी पोचवण्याचे काम माझी पत्नी एकोणीस वर्षे स्वतःच्या स्कूटरवर करत होती. फेब्रुवारीत तिच्या उजव्या अंगावरून वारे गेले. स्कूटर मुलीच्या नावे करायचे ठरले आणि नोंदणीच्या कामापुरते मर्यादित मुखत्यारपत्र तिने मला दिले.

१. उजवा हात हलेना, म्हणून ती अकरा दिवस डाव्या हाताने सही गिरवत होती. हाताशी कोटाचे काळे अस्तर आणि माझा बेतायचा खडू, तेवढेच. मग तिला खुर्चीत बसवून दोन जिने उतरवले आणि नोटरी वकिलांकडे नेले. सही झाल्यावर ती मला म्हणाली, "बघा, तुमच्या काजांपेक्षा सरळ आलीय की नाही?" वकीलसाहेबही हसले.

२. आपल्या खिडकीवर तो कागद सही जुळत नाही म्हणून नाकारला गेला. पुन्हा नोटरीकडे जाऊन तिने अंगठा दिला. तेव्हा विचारणा झाली, की बाई साक्षर असताना अंगठा कशासाठी? मी कपाळाला हात लावला. डॉक्टरांचा दाखला जोडला, तर वाहनमालकाने समक्ष हजर राहावे असे कळवण्यात आले. सरकारी काम नि सहा महिने थांब, हे मला ठाऊक आहे. मी थांबलोही असतो.

३. दिलेल्या तारखेला ती हजर राहू शकली नाही. आदल्या दिवशी दुपारी ती गेली. देणारी व्यक्ती वारली की मुखत्यारपत्र संपते, असे आपल्या लिपिकांनी मला समजावून सांगितले. कायदा मला मान्य आहे. वारसाची कागदपत्रे मुलगी रीतसर सादर करील, त्याबद्दल या अर्जात काही मागणे नाही.

४. मागणे आहे ते पहिल्या मुखत्यारपत्राचे. नामंजूर कागद परत देत नाहीत आणि वर्षअखेरीस ते नष्ट करतात, असे समजले. महोदय, त्या अकरा दिवसांतल्या सगळ्या सह्या अस्तरावर होत्या. अस्तर गिऱ्हाइकाचे, म्हणून रोज संध्याकाळी ब्रश घेऊन मीच ते झटकून स्वच्छ करत होतो. चांगला घासून करत होतो. आता घरात तशी एकही सही उरलेली नाही, आणि याचे मला फार वाईट वाटते. फाइलीला लावायला नोटरीकडून सत्यप्रत करून द्यायची माझी तयारी आहे.

सही जुन्या नोंदीशी जुळत नाही, हा आपला शेरा बरोबर आहे. पण ती तिचीच आहे. ती करताना मी शेजारी उभा होतो.

आपल्या खिडकीशी पुन्हा येणारा,
(सही)
वाहनमालकाचा नवरा

सोबत :
१. मृत्यूचा दाखला.
२. तिन्ही त्रुटीपत्रांच्या प्रती.
३. रिकामे पाकीट एक. कागदाला घडी पडू नये म्हणून आत पुठ्ठा घातला आहे.