दुर्बीण म्हणजे दुर्बीण

१२ जानेवारी
भूल दिल्यावर एवढंसं लेकरू परत उठतं ना? ताईनं विचारलं. मी बी.एस्सी., घरातली पहिली पदवीधर. म्हटलं, डॉक्टरांना विचारून सांगते.
ताईची परी सहा महिन्यांची. दोनदा न्यूमोनिया झाला, म्हणून संभाजीनगरला सीटी काढला. डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग जन्मतःच बिघडलेला, नुसत्या पोकळ्या. तेवढा काढायचा. बरगड्यांमधून तीन छोटी छिद्रं, आत कॅमेरा. डॉ. म्हणाले, पुन्हा न्यूमोनिया व्हायच्या आत करू. तारीख २३.

१४ जाने.
उंद्रीला ताईच्या सासरी गेले. समजावून सांगायची हौस मला. म्हटलं, छाती उघडायची नाही, दुर्बिणीचं ऑपरेशन आहे.
ताईची सासू चहा गाळताना थांबली. "एवढ्याशा पोरीचं दुर्बिनीचं? तिले लेकरं होऊ द्याचे नाहीत काय?"
इथे त्या शब्दाचा अर्थ एकच, कुटुंब नियोजनाच्या कॅम्पातली नसबंदी. चूक माझी. वहीवर फुफ्फुस काढून दाखवलं. वही बघितलीसुद्धा नाही.
"माही झाली हाये. दुर्बीन म्हनजे दुर्बीन. मले नको शिकवू."

१७ जाने.
गावभर झालं. मावशीच भाचीला वांझ करायला निघाली म्हणे. भाऊजींना सगळं माहीत आहे, सीटीच्या वेळी डॉ.समोर मान हलवत होते. स्वतःच्या आईपुढे मात्र गप्प. असल्या गप्प माणसांची मला किळस येते. बोलले ते एवढंच, "तुह्या शिक्षनापायी माह्या पोरीची बदनामी झाली. सही मी देत नाही."
सासूचं निदान, डब्बा आहे, म्हणजे लेकराला धाप लागून पोट उडतं तो आजार. पोटावर तापल्या बिब्ब्यानं डागलं की बसतो.

२० जाने.
ताई शेतात गेली आणि घरी सासूनं डागलंच. फोटो आला. परीच्या पोटावर दोन काळे डाग. खाली ताईचा एक शब्द: ये.
पहाटेच्या एसटीनं निघते.

२३ जाने.
ताईला आणि परीला उंद्रीहून घेऊन आले, काल भरती केलं. डाग बघून डॉ. मलाच रागावले. ऐकून घेतलं. छिद्रांच्या जागेपासून लांब आहेत, ऑपरेशन होईल म्हणाले.
संमतीपत्रावर ताईची सही. 'नाते' पुढे काय लिहायचं ते मी सांगणार, तोवर तिनं 'आई' लिहिलंसुद्धा.
सिस्टरनी विचारलं, वडिलांना कळवलंत? म्हटलं, फोन उचलत नाहीत.
परीला आत नेलं. दार लागलं.
फोन मी लावलाच नव्हता.