राखीव मेंढ्या

७ सप्टेंबर, रविवार
सोनिया आणि जावई पियूष येऊन गेले. सोनियाची आई जाऊन परवा तीन महिने होतील. मी सावरलो आहे, पण मुलीला ते पटत नाही. महाळुंग्याच्या फ्लॅटमधली एक खोली माझ्यासाठी रिकामी ठेवली आहे, बाराव्या मजल्यावर. चला म्हणते. मी म्हणालो, मला इथे काही कमी नाही. ती म्हणाली, अप्पा, फ्रीजमध्ये फक्त पाव आहे.
शेवटी पियूष मध्ये पडला. जुना लॅपटॉप देऊन गेला. त्यात लढाईचा एक गेम आहे. गाव वसवायचे, सैन्य उभारायचे, शत्रूचे गाव पाडायचे. पैज ठरली. दसऱ्यापर्यंत मी कॉम्प्युटरला सगळ्यात सोप्या लेव्हलवर एकदा हरवायचे. हरवले तर फ्लॅटचे नाव कोणी काढणार नाही. नाही जमले तर दिवाळीआधी सामान बांधायचे.
लगेच हो म्हणालो. बत्तीस वर्षे हायस्कूलचे ऑफिस सांभाळले आहे. बुधवारपर्यंत निकाल लावतो.

८ सप्टेंबर, सकाळी १०
सुरुवात. एक मोठे घर, तीन माणसे, चार मेंढ्या. माणसांना झाडे तोडायला लावले. एका शब्दाने जातात. शाळेत एवढे ऐकणारा शिपाई मला मिळाला नाही.
१०.४० – घोड्यावरून एक जण आला, सगळीकडे फिरून बघून गेला. जमीन बघायला आलेला असावा. आमच्याकडे शनिवार-रविवार असेच गाडीतून येतात. दुर्लक्ष केले.
११.०५ – दूध तापवायला उठलो. परत आलो तर गाव जळत होते.
सोनियाला फोन केला. म्हणाली, अप्पा, हा रिअल टाइम आहे, आपण उठलो म्हणून कोणी थांबत नाही. पॉजचे बटण असते, पण पैजेत ते चालणार नाही, असे पियूष मागून ओरडला. हे आधी सांगायला हवे होते. हा पराभव धरत नाही.

१० सप्टेंबर
दूध आधीच तापवून बसलो. शेते नीट आखली. मध्ये बांध सोडले, बैलगाडीला वाट सोडली, खळ्याला जागा सोडली. त्यामुळे शेवटची दोन शेते लांब जाऊन शत्रूच्या दारात पडली. तिथली माणसे गेली. पण आखणी बघण्यासारखी होती.
पराभव १. कारण: माउस.

१३ सप्टेंबर
पराभव ४. सोनियाने स्क्रीनचा फोटो मागवला. म्हणाली, अप्पा, मेंढ्या तशाच उभ्या? त्या खायच्या असतात. सुरुवातीचं फूड तेच. मेंढीवर क्लिक करा, बाकी तो माणूस करतो.
मी म्हणालो, तो राखीव साठा आहे. अडचणीच्या वेळी काढू.
ती म्हणाली, गाव जळतंय, अजून कुठली अडचण यायची राहिलीय?
मग तिची मीटिंग सुरू झाली.

१४ सप्टेंबर
मेंढ्यांबाबत माझे धोरण पक्के आहे. आधी पैदास वाढू द्यावी, मग हात लावावा. पंचवीस मिनिटे वाट पाहिली. वाढ नाही. पियूष म्हणतो, या गेममध्ये मेंढ्या व्यातच नाहीत. खात्रीसाठी आणखी एक डाव थांबून पाहिले. पराभव ५ आणि ६.

१८ सप्टेंबर
मेव्हणा येसाजी आला. सोनियाच्या आईच्या चौदा मेंढ्या आता तो सांभाळतो, पलीकडच्या वाडीत. खुर्ची ओढून शेजारी बसला. विचारले, दाजी, ही मेंढरं कुणाची? म्हणालो, माझी. म्हणाला, लोकर लई वाढलीया, कातरायला झाली. या खायच्या आहेत असे सांगितल्यावर म्हणाला, मंग खावा की. मेंढरू काय पूजंला ठिवत्यात व्हय? परवा डब्यातनं धाडलेला रस्सा तर तुमी पुसून खाल्ला.
ते खरे आहे. रश्श्याचा इथे संबंध नाही.
जाताना दारात थांबून म्हणाला, आक्काची मेंढरं बगायला येकदा बी आला न्हाई तुमी. लई लांब हाय का? म्हणालो, चष्म्याचा नंबर बदलला आहे, चढावर चालणे जमत नाही. म्हणाला, तितं चढ कुटं हाय.

२१ सप्टेंबर
रानात आणखी चार मेंढ्या सापडल्या. एकूण आठ. यांना हाक मारावी लागत नाही. आपला माणूस जवळून गेला की त्या आपल्या होतात. शत्रूचा गेला की त्याच्या. म्हणजे राखण हवी. सैन्य उभारले: पाच भालेवाले. पाचही जण मेंढ्यांमागे. गावाच्या तोंडाशी कोणी उरले नाही.
पराभव ११. मात्र मेंढी एकही गेली नाही.
सोनियाची आई प्रत्येक मेंढीला वेगळ्या नावाने बोलवायची. मला सगळ्या सारख्याच दिसत. स्क्रीनवरच्या तर खरोखरच सारख्या आहेत, त्यामुळे गुंतण्याचा प्रश्न येत नाही. फक्त तळ्याकडची एक जरा मागे राहते.

२५ सप्टेंबर
नवीन योजना: गावाभोवती भिंत, मेंढ्या आत. भिंत उत्तम झाली. दरवाजा ठेवायचा राहिला. लाकूडतोडे आणि शेतकरी बाहेर राहिले, आत धान्य संपले. पराभव १४. मेंढ्या सुखरूप.
सोनियाचा फोन. खोलीला पडदे कुठल्या रंगाचे घेऊ विचारत होती. म्हणालो, घेऊ नकोस, मी येणार नाही. म्हणाली, हिरवे घेते, खिडकीतून टेकडी दिसते त्याला जुळतील. मी विषय बदलत होतो, ती परत तिथेच आणत होती. नाचणीची भाकरी करून देईन, म्हणाली. लिफ्ट आहे, म्हणाली. पन्नास मिनिटे गेली. फार त्रास होतो.

२८ सप्टेंबर
पराभव १७. गेम सदोष आहे.

२ ऑक्टोबर, दसरा
शेवटचा दिवस. येसाजी सोने द्यायला आला होता, तोही बसला. सकाळी दहाला सुरू केले. पहिल्या पाच मिनिटांत आठही मेंढ्या. क्लिक करायचे असते, बाकी तो माणूस करतो. तळ्याकडची शेवटी. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.
धान्य भरपूर झाले. माणसे वाढली. सैन्य तीस. सव्वा अकराला शत्रूचे गाव पडले. येसाजी म्हणाला, जिकला की वो दाजी. मग माझ्याकडे बघून म्हणाला, बसा हितं, मी च्या टाकतो.
सोनियाला व्हिडिओ कॉल केला. पियूषने टाळ्या वाजवल्या. सोनियाने फोन त्याच्याकडून आपल्या हातात घेतला. मग म्हणाली, ठीक आहे अप्पा, शब्द म्हणजे शब्द. आता नाही म्हणणार चला म्हणून.
घर राखले. समाधान आहे.

५ ऑक्टोबर, रविवार
सोनियाचा फोन. गोळ्या घेतल्या का, भात कसा आहे, पाऊस थांबला का. फ्लॅटचा विषय नाही. चार मिनिटे. शब्दाची पक्की आहे. दुपार पूर्ण मोकळी मिळाली.
संध्याकाळही.

९ ऑक्टोबर
मीच फोन केला. सहज म्हणालो, बाराव्या मजल्यावर वारा बरा येत असेल. म्हणाली, हो, येतो. म्हणालो, लिफ्ट बंद पडत नाही ना? म्हणाली, नाही, जनरेटर आहे. थोडे थांबून पडद्यांचे विचारले. म्हणाली, नाही घेतले, त्या खोलीत पियूष ऑफिसचं टेबल लावतोय, हिंजवडीच्या ट्रॅफिकला कंटाळलाय, घरून काम करणार. म्हणालो, उत्तम. एक सूचना दिली: टेबल लहान घ्या, खिडकीकडची बाजू मोकळी राहू द्या. कशासाठी, असे तिने विचारले नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
विचार केला. दसऱ्याला येसाजी शेजारी बसलेला होता. पैजेत शेजारी कोणी बसण्याची तरतूद नव्हती. तेव्हा तो विजय धरावा की नाही, हा प्रश्न उरतो. फेरतपासणी म्हणून आज एकटा बसलो. माणसांना काही काम दिले नाही. वीस मिनिटांत गाव गेले.
स्क्रीनचा फोटो काढून सोनियाला पाठवला. खाली लिहिले: पूर्ण पराभव, तोही सोप्या लेव्हलला. तिने तो लगेच पाहिला. उत्तर पावणेदोन तासांनी आले. होतं असं अप्पा, एकदा जिंकलात ना, बास. पुढे एक अंगठा.
फोटोत नुकसान नीट दिसत नसावे. येत्या रविवारी याहून वाईट हरायचे ठरवले आहे.