तुझ्या वाटणीचा पाय

प्रिय दादा,

आईला जाऊन महिना झाला. हे पत्र मी पोस्टात टाकेन असं वाटत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

केमोनंतर तिच्या तळपायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या. चादरीचा स्पर्शसुद्धा सोसायचा नाही. हॉस्पिटलात मालिश करणाऱ्या ताईंनी मला हलक्या हातानं पाय चोळायला शिकवलं. तू फोनवर म्हणालास, "तेल चोळून कुठे नसा बऱ्या होतात होय?" मी फोन आपटला, तो आपटलाच.

रोज ऑफिसातून आले की अर्धा तास तिचे पाय मांडीवर घ्यायची. "बरं वाटतंय गं," ती म्हणायची. एकदा म्हणाली, "दादाला बोलाव. एक पाय तू घे, एक त्याला दे. भांडू नका." आम्ही दोघी खूप हसलो. दोन दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "केला होता फोन. त्याला रजा मिळत नाहीये."

"असू दे, कामात असेल," म्हणत ती भिंतीकडे वळली.

काल त्या ताई भेटल्या. शेवटचे दोन महिने आईच्या पायांना स्पर्शच कळत नव्हता म्हणे. "लेकीला सांगू नका, असं तुमच्या आईच म्हणाल्या. नाहीतर ती बसायची नाही माझ्यापाशी."

सगळं आटोपल्यावर तू मला विचारलंस, "आईनं माझी आठवण काढली का गं?" मी नुसतं हो म्हणाले. दादा, तिनं तुला बोलावलं होतं. मी तुला फोन केलाच नव्हता.

तुझी,
धाकटी