शनिवारच्या भाजीचे वाटे

गुरुजी, परवा नातीच्या शाळेतली परसबाग बघायला गेले होते. तिथल्या बाई तराजूनं पालक मोजून मुलांना देत होत्या. चांगलंच आहे ते. पण मला माणदेशातली आपली शाळा आठवली, तिच्या मागचे चार वाफे आठवले, आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलेलं एक आठवलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हा कागद टपालात टाकायचा प्रश्नच नाही, तरी लिहिते.

लढाईचे दिवस होते. रेशनची ज्वारी किडकी यायची, पाऊस नेहमीसारखाच रुसलेला. अशात तुम्ही भाजी लावायची टूम काढलीत तेव्हा गाव हसलं होतं. प्रत्येकानं घरून तांब्याभर पाणी आणायचं, परात धुतलेलं असलं तरी चालेल, आणि आपल्या हातानं वाफ्याला घालायचं. कुणाकुणाच्या घरचं पाणी चालेल, असं एकानं खोचकपणे विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "राजगिऱ्याला इचारून ये जा." तिथंच तो विषय संपला.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की वाटे. गावात मटणाचे करतात तसेच. जमिनीवर ढीग मांडायचे, एकीनं पाठ करून उभं राहायचं, दुसरीनं ढिगावर बोट ठेवून "ह्यो कुणाचा?" म्हणायचं आणि पाठमोरीनं नाव घ्यायचं. पाठमोरी मी, बोट ठेवणारी माझी कुंभाराघरची मैत्रीण. त्या वर्षी माझी धाकटी बहीण दिवस मावळला की चाचपडायला लागली होती. पुढ्यातला तांब्या तिला दिसेना. वडील मुंबईला गिरणीत, इकडे आईचा जीव टांगणीला. अशा डोळ्यांना पालेभाजी हवी, हे तुम्हीच वर्गात सांगितलेलं. मग आम्ही दोघींनी ठरवलं, मोठ्या ढिगावर बोट गेलं की तिनं खोकायचं आणि मी आमच्या घरचं नाव घ्यायचं. तिसऱ्या शनिवारी तुम्ही मला मागं थांबवलंत.

"खोकला कुणाला झालाय गं?"

मी भाजीची ओटी आणखी आवळून धरली.

"मोठा वाटा तुज्या घरी गेला. बारका कुणाच्या गेला, बगितलास?"

नव्हता बघितला. नावं घेता घेता मैत्रिणीचं मी शेवटी घ्यायचे आणि तिनं बोट न ठेवता मागं ठेवलेला, सगळ्यांत बारका ढीग तिच्याच पदरात पडायचा. तिन्ही शनिवार. ती एका शब्दानं बोलली नव्हती. मला रडू फुटलं. "आवं गुरुजी, आमच्या धाकटीला सांजंला दिसत न्हाई."

"मग त्वांड उघडायचं की! खोकायचं कशाला?"

पुढच्या शनिवारपासून तुम्ही नवी रीत घातलीत. वाटे मांडायच्या आधी विचारायचं, "कुणाच्या घरी दुखणं हाय?" हात वर करणाऱ्याची ओंजळ आधी भरायची, उरलेल्याचे ढीग मग. पहिल्या दिवशी तुमचा मला भयंकर राग आला. चोरून घेणं सोपं होतं, सगळ्यांदेखत मागणं फार जड गेलं. पण मी हात वर केला, आणि मागून बाळंतिणीच्या घरचा एक हात वर आला, म्हातारा अंथरुणाला खिळलेल्या घरचा एक आला.

धाकटीचे डोळे सुधारले. आता म्हातारपणी माझ्या सुईत दोरा तीच ओवून देते, आणि वर मला आंधळी म्हणते.

डोळे सुधारले, इथवरचं तुम्हाला ठाऊकच आहे. पुढचं सांगते. डोळे बरे झाले तरी मी हात वर करतच राहिले. आई भाजी आम्हाला वाढायची आणि स्वतः मिठाशी भाकरी खायची. ती जास्तीची ओंजळ यायला लागल्यापासून तिच्या ताटात भाजी दिसत होती. मग एका तिन्हीसांजेला तुम्ही आमच्या दारावरून गेलात. धाकटी पळत पळत कोंबड्या धरून टोपलीखाली डालत होती, एक चुकत नव्हती. तुम्ही थांबून बघितलंत. त्या शनिवारी मी हात खालीच ठेवला, मानसुद्धा. तुम्ही वाफ्याशी बसल्या बसल्या म्हणालात, "आज तुजा हात का खाली?"

मी वर केला. तुम्ही ओंजळ भरलीत, काही विचारलं नाहीत. आईच्या ताटाचं मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. तोंड उघडायला तुम्ही शिकवलं होतंत, गुरुजी. तेवढं माझ्याकडून झालं नाही.