लोकरीच्या सात्या

सावली,
मंगळवार, सकाळचे साडेसात

ती. श्रीहरीभाऊस,
धाकट्या रंजीताचा साष्टांग नमस्कार. वहिनीलाही नमस्कार सांग. आम्ही इकडे सगळे सुखरूप आहोत (असे लिहायचे असते म्हणून लिहिले, खरे काय ते पुढे येईलच). तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? तुमचा धानाचा रोवणा आटोपला असेल. आमच्या दोन बांध्या अजून पाण्याची वाट पाहत आहेत. हे पत्र कोलू जीपवाल्याच्या हाती देते आहे. तुझ्या गावात टॉवर उभा राहून दोन वर्षे झाली, आता त्यात रेंज कधी येते ते बघायचे. तोवर बहिणीने पत्रच लिहायचे. कोलूची जीप दहाला निघते, म्हणजे माझ्याजवळ अडीच तास आहेत, आणि छातीत अशी धडधड चालू आहे की अक्षर वाकडे आले तर समजून घे. एक विनंती. पत्र ओसरीवर बसून मोठ्याने वाचू नकोस. तुझा आवाज नाल्यापलीकडे जातो, आणि नाल्यापलीकडेच मुखरूभाऊंचे घर आहे.

मुखरूभाऊंचा अजय परवा रविवारी आमच्या पुनमला पाहायला आला होता. पाहायला आला असे आपले म्हणायचे. माझी ही नणंद आणि तो ब्रह्मपुरीच्या कॉलेजात तीन वर्षे एका वर्गात होते, त्यांचे एकमेकांना पाहून केव्हाच झालेले आहे. पण मोठ्यांसमोर पहिल्यांदाच बघतो आहोत असा चेहरा करायचा होता. हे फक्त आम्हा तिघांना माहीत (आता तू चौथा, तेव्हा वहिनीला सांगू नकोस). याआधी चार ठिकाणची माणसे पोहे खाऊन गेली. दर वेळी पुनम निमूट ट्रे घेऊन यायची आणि निमूट परत जायची. या वेळी मात्र शनिवारपासून तिने अन्नाला हात लावला नव्हता. मला म्हणाली, "वयनी, हे जमलं नाई तं मी दुसऱ्या कोणासमोर जाऊन बसत नाई." ती मुळात बोलते थोडे, म्हणून मी ते मनावर घेतले.

आता माझ्या लोकरीबद्दल सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. उन्हाळ्यात आमच्या बचत गटाला शिकवायला पुण्याच्या एक बाई आल्या होत्या. त्या या कामाला फेल्टिंग म्हणतात, आत्याबाई सासूच्या ठसक्यात 'टोचाटोची' म्हणतात. कुरमाराकडून मेंढीची लोकर आणायची, धुऊन पिंजायची, स्पंजाच्या जाड तुकड्यावर तिचा गोळा ठेवायचा आणि खाचा असलेल्या बारीक सुईने टोचत राहायचे. हजारदा टोचले की लोकर आतल्या आत गुंतत जाते आणि घट्ट होते, मग पाहिजे तो आकार घेते. (मनात राग असला की काम लवकर होते, हा माझा स्वतःचा शोध. आत्याबाई घरात असल्या की माझा हात फार चांगला चालतो.) सुई मात्र भलती ठिसूळ. जरा वाकडी गेली की टोक तुटते. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते, टोक तुटले तर ते सापडेपर्यंत ती वस्तू कोणाच्या हातात द्यायची नाही. मग म्हणाल्या, आपल्या भोवतालच्या निसर्गातले काहीतरी करा. जवळ ताडोबा, त्यामुळे सगळ्याजणींनी वाघ केले. चौदा वाघ झाले. त्यातले तीन बोके दिसत होते आणि एक आमच्या गटाच्या सचिवबाईंसारखा. मी विचार केला, वाघाला नीट निरखून पाहिलेय कोणी? दिसला की आपण पळतो. जे मी जवळून पाहिले आहे तेच करीन. मी सात्या केल्या (पुण्याच्या बाई त्यांना अळंबी म्हणाल्या). वारुळाच्या मातीतून नुकतेच डोके काढणाऱ्या, अजून छत्री न उघडलेल्या बोटभर कळ्या. अकरा कळ्या, भाऊ! देठाला खरी वारुळाची माती चोळली. एवढ्या हुबेहूब झाल्या की मलाच एकदा त्या निवडायला घ्याव्याशा वाटल्या. चंद्रपूरच्या प्रदर्शनात जायच्या होत्या. रविवारी सकाळी शेवटचा हात फिरवला आणि पाहुण्यांच्या घाईत टोपली मागच्या पडवीत तशीच राहिली.

आणि रविवार श्रावणातला. कोंबडा कापता येत नाही याचे सगळ्यात जास्त दुःख मामाजींना. त्यांच्या, म्हणजे लटारूभाऊंच्या घरी सोयरे पहिल्यांदा जेवायला येतात आणि त्यांना वांगी-आलूचा रस्सा वाढायचा, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. "लोक काय म्हणतील, आलू खाऊ घालून पोरगी देऊन राह्यला म्हणतील," असे सकाळपासून चार वेळा म्हणून झाले. तशात तंबाखूची डबी शोधत ते पडवीत गेले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे (ऑपरेशन रोवणा झाल्यावर करायचे ठरले आहे, तीन वर्षे झाली, दर वर्षी नवा रोवणा येतो). त्यांच्या हाताला टोपली लागली. यंदा बाजारात सात्या कुठे दिसल्याच नाहीत, आणि घरात टोपलीभर कळ्या! मुलाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, गुपचूप आणून ठेवल्या असे त्यांना वाटले. आत्याबाई समोर पाहुण्यांचे पाय धुवायला पाणी देत होत्या, मी आतल्या खोलीत पुनमच्या निऱ्या बसवत होते. चुलीवर रस्सा रटरटत होता. मामाजींनी अकराच्या अकरा कळ्या स्वच्छ धुतल्या, रस्स्यात सोडल्या, वर झाकण ठेवले आणि कोणाला काही न बोलता ओसरीवर येऊन बसले. मान एकट्यालाच मिळावा म्हणून.

पंगत बसली. वाढताना मामाजींनी जाहीर केले, "सात्या होत. कळ्याच हेत साऱ्या." मुखरूभाऊंचा चेहरा खुलला. त्यांनी एक कळी तोंडात टाकली आणि चावू लागले. चावता चावता थांबले. पुन्हा चावू लागले. ते श्रावण फार कडक पाळतात म्हणे, म्हणून जरा घाबरून मामाजींकडे वाकून म्हणाले, "लटारूभाऊ, सात्याच होय ना? मले तं मटणासारखं लागून राह्यलं." (मेंढीची लोकर रस्स्यात शिजली, दुसरे कशासारखे लागणार!) मामाजी खुशीत म्हणाले, "असल सात्याची तेच तं ओळख होय." त्यावर समाधान पावून मुखरूभाऊंनी ती सबंध गिळली. अजय हुशार. त्याने आपली कळी भाताखाली सरकवून दिली.

मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तर ताटात माझ्या कळ्या. तशीच पडवीत पळाले. टोपली रिकामी. स्पंजात सुई उभी होती, ती उपसली तर टोक नाही. क्षणाचाही विचार न करता मी धावत आले, पण तोवर मुखरूभाऊंनी दोन कळ्या गिळल्या होत्या आणि तिसरी तोंडाशी होती. डोक्यावरचा पदर कुठे गेला कळले नाही, मी होणाऱ्या व्याह्यांचे मनगट दोन्ही हातांनी धरले आणि ओरडले, "गिळू नका, लोकर होय!" आत्याबाई म्हणाल्या, "माय वो, हिच्या आंगात आलं!" मामाजींना तर भयंकर अपमान वाटला. सात्याच आहेत हे दाखवायला त्यांनी एक कळी उचलून कचकन चावा घेतला. कळी काही तुटली नाही, वरची कवळी मात्र तिच्यात रुतून बाहेर आली. मुखरूभाऊ त्या कवळीकडे पाहत राहिले आणि मग असे हसायला लागले की डोळ्यांतून पाणी आले. म्हणाले, "दोन लोकरी खाल्लो बाई, आता हिवाळ्यात स्वेटर घ्याचं काम नाई!" सगळे हसले. अजय हसला, पुनम हसली. निघताना ते म्हणाले, पोळा झाला की तारीख काढू. आणि भाऊ, एवढे सगळे छान झाले तेव्हा सुई हा शब्द माझ्या तोंडून निघालाच नाही. लोकरीवर हसणारा माणूस सुईवर हसेल का?

उरलेल्या नऊ कळ्या मी गोळा केल्या. जुन्या रेडिओच्या स्पीकरचे चुंबक काढून एकेकीवरून फिरवले, मग एकेक उसवून पाहिली. स्पंजावरूनही फिरवले. काही नाही. म्हणजे टोक मुखरूभाऊंच्या पोटात आहे. काल दवाखान्यात जाऊन 'एका नातेवाइकाने' असे सांगून विचारले. डॉक्टर म्हणाले, बारीक तुकडा बहुतेक आपोआप निघून जातो, पण पोट दुखले किंवा रक्त दिसले तर ताबडतोब गडचिरोलीला न्या. मग त्यांनी विचारले, त्या नातेवाइकाला हे माहीत आहे ना? मी चपला घातल्या आणि घरी आले. अजयचा फोन 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' एवढेच बोलतो. बाकी सर्व क्षेम. वहिनीला पोळ्याला घेऊन ये.

तुझी,
रंजीता

ता. क. : खरे काम हे आहे. पत्र वाचून होताच मुखरूभाऊंकडे जा. तुमच्या जंगलात खऱ्या सात्या निघाल्या असतील तर ओंजळभर घेऊन जा, रंजीताला लाज वाटली म्हणून पाठवल्या असे सांग. मग हळूच पोटाचे विचार. तुला ते जमते. माझ्या लग्नात तू नवऱ्यामुलाला मांडवात 'सकाळी साफ झालं ना' असे विचारले होतेस, ते इथे अजून विसरले नाहीत. जरा जरी दुखते म्हणाले तर त्यांना थेट कोलूच्या जीपमध्ये घाल आणि तेव्हा सगळे सांग. ठणठणीत असले तर सुईचे नाव काढू नकोस. लग्न झाले की मीच सांगेन.

आणखी एक ता. क. : वर 'क्षणाचाही विचार न करता' असे लिहिले आहे ते खरे नाही. तुटकी सुई घेऊन मी दारात आले तेव्हा मुखरूभाऊंनी एकच कळी खाल्ली होती. अजय काहीतरी बोलला होता आणि पुनम हसत होती, शनिवारपासून पहिल्यांदा. मी तिच्याकडे पाहिले आणि गप्प उभी राहिले. दुसरी कळी माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या पोटात गेली. तिसरीला मी ओरडले, तेही लोकर म्हणून. हे मी कोणाला सांगितलेले नाही. मला माझीच शरम वाटते.

शेवटचा ता. क. : पावणेदहा झाले, कोलू हॉर्न वाजवतो आहे. टोक सापडले, भाऊ! पहाटेपासून पुनम पडवीत बसून स्पंज चिमटीचिमटीने कुरतडत होती. मी चुंबक वरवर फिरवले होते, टोक पार खाली तळाशी रुतले होते. तिने ते माझ्या तळहातावर ठेवले आणि मी हमसून हमसून रडले. मग डोळे पुसून म्हटले, चला, आता हे पत्र फाडून टाकते, कोणाला काही कळायला नको. तर तिने पत्र माझ्या हातातून ओढून घेतले. (मी रडत होते तोवर ते उघडेच पडले होते, तिने सगळे वाचले होते.) म्हणाली, "फाडू नोको वयनी. तू सुई धरून दारात उभी होती, तवा मी तुह्याकडेच पाहून राह्यली होती. मले समजलं होतं. मी बी चूप राह्यली." आणि म्हणाली, "भाऊले लिही, त्याईले सारं सांगा म्हणा. माह्यं बी सांगा. मंग नाई म्हणतील तं म्हणू दे."

तेव्हा मुखरूभाऊंना सगळे सांग. फक्त टोक सापडल्याचे आधी सांग आणि बाकीचे नंतर, म्हातारा माणूस आहे. पुनमने पायात चपला घातल्या आहेत. पत्र कोलूच्या हातात ती स्वतः देणार आहे.