माझा वळणाचा शॉट

५ जानेवारी १९५५
आजपासून रोजनिशी. मोठ्या खेळाडूंची असते म्हणतात. बुधवार, म्हणजे क्लबात लेडीज डे. बाकीच्या बायका व्हरांड्यात कॅरम आणि चिवडा. मी एकटी आत, स्नूकरच्या टेबलावर. हे क्लबचे सेक्रेटरी, त्यामुळे कोणी बोलत नाही. लाल बॉल एकामागून एक खिडकीकडच्या पॉकेटात. संकल्प : यंदा नागपूरचे सामने, पुढच्या वर्षी कलकत्त्याचे मोठे. त्यानंतरचं नंतर पाहू.

१२ जानेवारी
माझा बॉल शेवटी हळूच डावीकडे वळतो आणि पडतो. हे शिकवून येत नाही, हातातच असावं लागतं. क्लबात फळ्यावर पॉइंट मांडणारे जुने मार्कर बंडूजी, त्यांना विचारलं, साहेब लोकांत तरी असा शॉट पाहिला होता का. म्हणाले, या टेबलावर सगळ्यायचाच वळते जी, बाई. मत्सर. दुसरं काय.

१४ जानेवारी
संक्रांत. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सासूबाईंनी सांगितलं, सूनबाई क्लबात काठीनं गोट्या खेळते. मी तिळगूळ वाटत राहिले. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मनगट जपायचं म्हणून तीळ कुटले नव्हते, त्यावरही बोलल्या.

२ फेब्रुवारी
नागपूरच्या एका क्लबाचं बोलावणं! १३ तारखेला बायकांचे सामने. जिंकेल ती कलकत्त्याला. हे म्हणाले, हरलीस तरी काही बिघडत नाही. भलतंच. रोज प्रॅक्टिस करायची ठरवलं. आज थंडी आहे, उद्यापासून.

९ फेब्रुवारी
प्रॅक्टिस झाली नाही. आधी पाहुणे, मग डोकं. तशी गरजही नाही. जास्त प्रॅक्टिसनं हात बिघडतो. शेजारच्या लीलाबाईंना सांगून ठेवलं, येताना पेढे आणीन.

१३ फेब्रुवारी, नागपूर, संध्याकाळ
हरले. एकही बॉल पडला नाही. प्रत्येक बॉल पॉकेटच्या उजवीकडे जाऊन आपटला. वळलाच नाही. मी सगळ्यांदेखत सांगितलं, तुमचं टेबल वाकडं आहे. त्यांनी गवंड्याची पाणसळ आणून टेबलावर ठेवली. बुडबुडा मधोमध. आडवी ठेवली, तरी मधोमध. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी
येताना गाडीत यांनी सांगितलं. आपल्या क्लबाखालची काळी माती बसली आहे, टेबल खिडकीकडे झुकलेलं आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. मग मले काऊन नाई सांगितलं, मी विचारलं. म्हणाले, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तू खुश दिसून राह्यली होती, कसं सांगणार. सिंदी स्टेशन येईपर्यंत रडू येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. पेढे घ्यायचे राहिले.

१६ फेब्रुवारी
यांनी मिस्त्री बोलावून टेबलाच्या पायांखाली पाचरी मारून घेतल्या. स्वतः पाणसळ ठेवून मला दाखवलं. बायका कॅरम सोडून दारात उभ्या. खेळले. काही पडलं नाही. यांनी रुमालानं चष्मा पुसला, बराच वेळ. नवा संकल्प : सरळ खेळ पहिल्यापासून शिकायचा, रोज. कलकत्ता एक वर्ष पुढे ढकललं तरी चालेल. वय आहे.

२३ फेब्रुवारी
आठवड्यात दोनदा जमलं, तेवढं पुरे. काही पडलं नाही. आज दारातही कोणी नव्हतं. बंडूजी क्यूच्या काठीला खडू लावून देत हळूच म्हणाले, बाई, पाचरी काढून टाकू काय जी? कोणाले सांगत नाई.
मी नको म्हटलं. मोठे खेळाडू असलं काही करत नाहीत.
ते कोपऱ्यात जाऊन बसले. मी आणखी तीन-चार शॉट मारले. मग म्हटलं, काढा.
पहिलाच लाल हळूच डावीकडे वळला आणि पडला. बंडूजींनी फळ्यावर माझ्या नावापुढे एक पॉइंट लिहिला. समोर खेळणारं कोणी नसलं तरी लिहायचा, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.